प्रतिध्वनीचं वय

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी जी पेडलं मांडलेली असतात, त्यातली बहुतेक आवाजाचा पोत बदलतात. ओव्हरड्राइव्ह त्याला खरखरीत करतं, कोरस त्याला जाड आणि किंचित हलता करतं, वाह-वाह त्याची धार कमीजास्त करतं. डिलेचं काम वेगळं आहे. वाजलेला स्वर तो आपल्याजवळ राखून ठेवतो आणि ठरलेल्या वेळाने परत देतो. एकदा, चारदा, किंवा नॉब पुरता फिरवला तर न थांबता. एवढ्या साध्या कामासाठी आज बाजारात मिळणारी बहुगुणी डिजिटल पेडलं पाहिली की गोंधळायला होतं. स्ट्रायमन कंपनीच्या २०११ सालच्या टाइमलाइन या पेडलमध्ये डिलेचे १२ प्रकार आहेत. त्यात टेपची नक्कल आहे, जुन्या अ‍ॅनालॉग चिपची नक्कल आहे, उलटा वाजणारा प्रतिध्वनी आहे, स्वराचे तुकडे करून वरच्या पट्टीत परत देणारा प्रकार आहे. शिवाय २०० प्रीसेट साठवण्याची सोय. अशा पेडलविषयीची चर्चा बहुधा मोजदादीतच संपते: प्रकार किती, प्रीसेट किती, सेकंद किती. माझं म्हणणं असं, की या यंत्राचं मोल त्या आकड्यांत नाही. जुन्या डिलेत प्रतिध्वनी कसा म्हातारा होणार हे यंत्रच ठरवून टाकत असे. डिजिटल प्रतिध्वनीला आपणहून वय चढत नाही, त्यामुळे ते चढवायचं की नाही, किती आणि कसं, हा निर्णय वादकाकडे आला. बहुगुणी पेडल वापरणं म्हणजे मुख्यतः हा निर्णय घेणं.

हे नीट कळायला जुन्या यंत्रांची रचना पाहावी लागते. १९५०च्या दशकात मेम्फिसमध्ये सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्स यांनी गायकाच्या आणि गिटारच्या आवाजामागे जो चटकन उमटणारा एकच प्रतिध्वनी ठेवला, तो टेपरेकॉर्डरमधून काढलेला होता. एका हेडने आवाज टेपवर लिहायचा, पुढच्या हेडने तो वाचायचा. टेप सेकंदाला साडेसात इंच पळत असेल आणि दोन हेडांमध्ये एक इंच अंतर असेल, तर वाचलेला आवाज १३३ मिलिसेकंद उशिरा येतो. एल्व्हिस प्रेस्लीचे गिटारिस्ट स्कॉटी मूर वापरत असलेल्या इकोसॉनिक अ‍ॅम्पमध्ये ही टेप अ‍ॅम्पच्याच पेटीत बसवलेली होती. पुढे इकोप्लेक्स आलं, त्यात हेड सरकवून उशीर कमीजास्त करता येई. १९७४ साली रोलँडचं स्पेस इको आलं, त्यात अनेक हेडांचे मेळ निवडता येत. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. टेप झिजायची, मोटरचा वेग किंचित डगमगायचा, हेडवर मळ बसायचा. प्रतिध्वनी पुन्हा टेपवर लिहिला गेला की त्याचे उंच स्वरांश थोडे गळायचे, सुसकारा थोडा वाढायचा, सूर थोडा हलायचा. चौथा प्रतिध्वनी पहिल्यासारखा नसायचा, आणि हे कुणी मागितलेलं नव्हतं.

टेप गेली तरी हा नियम गेला नाही. १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी बकेट-ब्रिगेड नावाची रचना मांडली. तिच्यात आवाजाचे नमुने विजेच्या भाराच्या रूपात एका कपॅसिटरमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये हातोहात सरकवले जातात. गिटारच्या पेडलमध्ये गाजलेल्या एमएन३००५ या चिपवर असे ४०९६ टप्पे होते. सरकवण्याचा ठोका सेकंदाला दहा हजार वेळा पडला की एकूण उशीर साधारण २०५ मिलिसेकंद होतो. याहून जास्त उशीर हवा तर ठोका आणखी सावकाश करायचा, नाहीतर चिपला चिप जोडायची. पण ठोका सावकाश केला की उंच स्वरांश नीट पकडले जात नाहीत, त्यांच्या जागी खोटे, बेसूर आवाज शिरतात. ते टाळायला उंच भाग आधीच गाळून टाकावा लागतो. म्हणून एकाच चिपवर उशीर वाढवत नेला की आवाज अंधुक करावाच लागे. हा सौंदर्यविचार नव्हता, सर्किटची अडचण होती. तरी मेमरी मॅन किंवा बॉस डीएम-२ सारख्या पेडलच्या आवाजाला आज ‘ऊबदार’ म्हणतात तो या अडचणीमुळेच.

स्टुडिओच्या रॅकमध्ये डिजिटल डिले १९७०च्या दशकातच पोचले होते. गिटारिस्टच्या पायाखाली, लहान पेडलच्या आकारात, ते आणले बॉसच्या १९८३ सालच्या डीडी-२ ने. उशीर ८०० मिलिसेकंदांपर्यंत, आणि आवाज १२ बिटच्या आकड्यांत, म्हणजे प्रत्येक नमुन्यासाठी ४०९६ पायऱ्यांपैकी एक. आकडा स्मृतीत ठेवला आणि काढला तर तो तोच राहतो. झिजत नाही, डगमगत नाही. जी स्वच्छता टेपवाल्यांना दुर्लभ होती ती आता सहज मिळाली, आणि लवकरच वादकांची तक्रार सुरू झाली की प्रतिध्वनी थंड आहे, गिटारच्या अंगावर येतो, दाटी करतो. कारखानदारांनी ती ऐकली. १९९९ साली आलेल्या लाइन ६ कंपनीच्या हिरव्या डीएल४ मध्ये १६ प्रकार होते, आणि त्यातले कितीतरी जुन्या टेप-यंत्रांच्या व अ‍ॅनालॉग पेडलांच्या नकला होत्या. स्वच्छ होऊ शकणाऱ्या यंत्रात मळ मुद्दाम परत घातला गेला. टाइमलाइनवर तर आवाजाची उंच धार कापायला, खरखर घालायला आणि सूर किती वेगाने व किती खोल हलावा ते ठरवायला वेगळे नॉब आहेत.

याला निव्वळ जुन्याची ओढ म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यामागे कानाचं गणित आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवलं, की मूळ आवाजामागून साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची नक्कल वेगळी ऐकू येत नाही. कान दोन्हींचा एकच आवाज करून घेतो. त्यापुढे गेली की ती प्रतिध्वनी म्हणून सुटी होते आणि मेंदू तिला अंतर देऊ लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी म्हणजे ६४ मीटरवरच्या कड्याने परत दिलेली हाक. पण कड्यावरून येणारी हाक कधीच मूळ हाकेइतकी लख्ख नसते. हवा उंच स्वरांश जास्त शोषते. झाडं, माती, कापड हे तर आणखी शोषतात. जन्मभर आपला कान ‘लांबचं म्हणजे बोथट’ हा धडा गिरवत आलेला असतो. डीडी-२ चा प्रतिध्वनी वेळेने दूरचा आणि धारेने जवळचा होता. ही दोन विधानं एकमेकांशी भांडत, आणि म्हणूनच तो अंगावर येई. टेपचा आणि बकेट-ब्रिगेडचा दोष योगायोगाने निसर्गाच्या नियमाशी जुळला होता. त्या योगायोगाने दिलेली गोष्ट म्हणजे खोली, आणि आता ती जाणूनबुजून मिळवावी लागते. उलट कधी प्रतिध्वनी दूर जायलाच नको असतो, तो मूळ गिटारच्या बरोबरीने पुढे उभा हवा असतो. तेव्हा धार कापू नये. जुन्या यंत्रावर हा दुसरा रस्ता जवळजवळ बंद होता.

वय चढण्याची क्रिया पेडलमध्ये नेमकी कुठे घडते, हे एकदा हिशेबाने पाहण्यासारखं आहे. रिपीट्सचा नॉब प्रतिध्वनीचा काही भाग पुन्हा सुरुवातीला पाठवतो. निम्मा भाग पाठवला तर प्रत्येक फेरीत आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि दहा फेऱ्यांत ६० डेसिबल, म्हणजे ऐकू न येण्याच्या काठापर्यंत जातो. ३७५ मिलिसेकंदांच्या उशिराला हे पावणेचार सेकंद झाले. तोच भाग ८० टक्के केला तर एका फेरीत दोन डेसिबलही उतरत नाहीत; तेवढंच अंतर कापायला ३१ फेऱ्या, म्हणजे साडेअकरा सेकंद लागतात. नॉब थोडासा फिरतो आणि शेपूट तिपटीने लांबते. आता धार कापणारा फिल्टर या चक्राच्या आत असेल तर प्रत्येक फेरीत तो पुन्हा कापतो: पहिला प्रतिध्वनी जेमतेम मऊ, सहावा नुसती सावली. चक्राच्या बाहेर असेल तर सगळे प्रतिध्वनी सारखेच मऊ, फक्त क्रमाने हलके. दुसऱ्या प्रकारात प्रतिध्वनी लहान होत जातो, पहिल्या प्रकारात तो म्हातारा होतो. चक्रात शंभर टक्क्यांहून जास्त आवाज फिरवला तर तो स्वतःच फुगत जातो. टेप अशा वेळी तुंबून गोलसर विकृती देते, तर आकड्यांना वरची मर्यादा लागली की आवाज कर्कश तुटतो. म्हणून डिजिटल पेडलच्या रचनाकाराला तो तुंबण्याचा गुणही चक्रात मुद्दाम बसवावा लागतो. म्हातारपणसुद्धा लिहून काढावं लागतं, ते असं.

निर्णय वादकाकडे आला याचा अर्थ सुरावटीपर्यंत कसा पोचतो, ते पाऊण मात्रेच्या डिलेत सगळ्यांत स्वच्छ दिसतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. वादक अर्ध्या अर्ध्या मात्रेला स्वर वाजवतो: शून्य, २५०, ५००, ७५०. प्रतिध्वनी पडतात ३७५, ६२५, ८७५ वर, म्हणजे प्रत्येक वेळी दोन वाजवलेल्या स्वरांच्या बरोबर मध्ये. हात मात्रेला दोनच स्वर वाजवतो, पण कानावर चार पडतात. पिंक फ्लॉइडच्या १९७९ सालच्या ‘रन लाइक हेल’मध्ये डेव्हिड गिल्मर यांची गिटार अशी धावते, आणि यू-टूचा गिटारिस्ट द एज याने १९८७ सालच्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मध्ये तिला गाण्याचा कणाच केलं. पण हिशेब इथे थांबत नाही. दुसरा प्रतिध्वनी ७५० वर येतो, म्हणजे पहिला स्वर दुसऱ्यांदा परततो तेव्हा वादक चौथा स्वर वाजवत असतो. दोन्ही एकत्र ऐकू येतात. म्हणून चौथा स्वर पहिल्याशी, पाचवा दुसऱ्याशी जुळणारा निवडावा लागतो. आणि तो मेळ किती ठळक हवा त्यानुसार दुसऱ्या प्रतिध्वनीचं वय ठरवावं लागतं. तो लख्ख ठेवला तर स्वरमेळ होतो, अंधुक ठेवला तर नुसती पार्श्वभूमी. फिल्टरचा नॉब इथे रचनेचा भाग होतो.

ख्यालगायनातली संगत इथे तुलनेला घेता येईल. गायकाने जागा घेतली की सारंगी किंवा हार्मोनियम तीच जागा क्षणभर मागून, थोडी हलकी करून दाखवते. गायक गात असताना साथ दबलेली राहते. तो श्वासाला थांबला की ती पुढे येऊन पोकळी भरते. गायक पुन्हा सुरू झाला की मागे सरते. डिलेही वाजवलेलंच मागून वाजवतो, पण चांगल्या साथीदाराचा विवेक त्याच्याजवळ नसतो. मधला चुकार स्वरसुद्धा तो निष्ठेने परत देतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या १९८५ सालच्या २२९० या रॅक-यंत्राने या विवेकातला निदान एक अंश यंत्रात आणला: वादक वाजवत असेल तोवर प्रतिध्वनी दाबून ठेवायचा, तो थांबला की वर येऊ द्यायचा. आजच्या बहुगुणी पेडलांत ही सोय ‘डकिंग’ या नावाने मिळते. प्रतिध्वनीने कधी बोलायचं, हाही निर्णय त्याच्या वयाच्या निर्णयाला लागूनच येतो. आणि साथीदार कमी विवेकी असल्यामुळे वादकाला जास्त विवेकी व्हावं लागतं. प्रत्येक स्वर पुढच्या काही सेकंदांची जागा अडवणार हे माहीत असलेला वादक आपोआप कमी वाजवतो. बिल फ्रिझेलसारखा जॅझ गिटारिस्ट डीएल४ घेऊन बसतो तेव्हा त्याच्या वादनातली विरळ मांडणी आणि पेडलची लांब शेपूट एकमेकांना धरून असतात.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. टेप खरोखर झिजते, पेडल झिजण्याचं नाटक करतं. मग हे वय खोटंच नाही का? हा भेद खरा आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. टेप वादकाला न विचारता बदलते, एखाद्या संध्याकाळी तिचं डगमगणं असं काही जमून येतं की ते पुन्हा मिळत नाही. पेडलचं डगमगणं मर्यादेत वावरतं. पण टेपच्या काळातला वादक त्या दोषांची पूजा करत नव्हता. तो टेप बदलत होता, हेड पुसत होता, मोटर दुरुस्त करून घेत होता. म्हणजे झीज किती चालेल हे तोही ठरवतच होता, फक्त त्याच्या हाती साधनं ढोबळ होती. ब्रायन मे यांनी ‘ब्रायटन रॉक’च्या १९७४ सालच्या ध्वनिमुद्रणाच्या काळात टेप-यंत्रं घेऊन स्वतःच्याच प्रतिध्वनींशी स्वरमेळ साधला, तेव्हा त्यांना हवा होता तो लांब आणि ओळखू येणारा प्रतिध्वनी, टेपचा मळ नव्हे. यंत्राच्या कुवतीशी झगडून ते साधलं. अस्सलपणा यंत्राच्या जातीत असता तर हा झगडा करावाच लागला नसता. प्रतिध्वनी त्या सुरावटीला हवा तसा म्हातारा होतो का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर टेपवरही कानानेच द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: इतके पर्याय हातात असले की माणूस वाजवत नाही, चाळत बसतो. बारा प्रकार, दोनशे प्रीसेट, प्रत्येकात अनेक खोलातले आकडे. संध्याकाळ जाते आणि एक सुरावट तयार होत नाही. जुन्या यंत्राने घातलेलं कुंपण हे उपकारच होते, असं म्हणणाऱ्याचं मला बरंचसं पटतं. मात्र दोष कुठे आहे ते नेमकं सांगायला हवं. प्रकारांची नावं बाजूला ठेवली तर डिलेविषयीचे मूळ प्रश्न पाचच आहेत: किती उशिरा, किती वेळा, किती मोठ्याने, किती अंधुक, किती डगमगता. टेपचा प्रकार आणि अ‍ॅनालॉगचा प्रकार म्हणजे बऱ्याच अंशी या पाच प्रश्नांची आधी देऊन ठेवलेली उत्तरं. जो नुसती नावं बदलत जातो तो दुसऱ्याची उत्तरं चाळतो, आणि तिथेच भरकटतो. उलट साध्या डिजिटल प्रकारापासून सुरुवात करावी, सगळे नॉब मळाविना ठेवावेत, आणि एका सुरावटीसाठी आधी वेळ, मग फेऱ्या, मग आवाजाची पातळी, मग धार, शेवटी डगमग असं एकेक ठरवत जावं. हाती जे येईल ते टेपसारखं असेलही, नसेलही. पण ते का तसं आहे हे वादकाला सांगता येईल. कुंपण लागतंच, ते आता आपण घालायचं असतं. दोनशे जागा भरल्याच पाहिजेत असा दंडक कुठल्याही पेडलने घातलेला नाही.

तिसरा आक्षेप असा, की डिले कच्च्या वादनावर पांघरूण घालतो. लांब, अंधुक, मोठ्याने मिसळलेल्या शेपटीत हे नक्कीच होतं. तीन स्वर वाजवले तरी पोकळी भरलेली वाटते. पण पाऊण मात्रेचा लख्ख प्रतिध्वनी याच्या अगदी उलट वागतो. वरच्या उदाहरणात वाजवलेला स्वर आणि शेजारचा प्रतिध्वनी यांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर आहे. एक स्वर ३० मिलिसेकंद उशिरा पडला तर त्याच्या आधीचं अंतर १५५ होतं आणि नंतरचं ९५. सरळ धावणारी ओळ लंगडते, आणि चुकलेला स्वर पुढे प्रतिध्वनीतही चुकलेलाच परततो. म्हणजे हा आक्षेप पेडलला लागू होत नाही, एका विशिष्ट मांडणीला होतो. तेच यंत्र पांघरूणही आहे आणि परीक्षकही. काय व्हावं हे वयाचा नॉब ठरवतो. श्रोत्याला टेपच्या आणि अ‍ॅनालॉगच्या या नकलांतला फरक कळत नाही, असंही कुणी म्हणेल. नाव घेऊन कळत नसेल. पण वादक कुठे थांबला, कुठे जागा सोडली, कुठला स्वर टाळला हे श्रोत्याला कळतं, आणि ते सगळं त्याच्यामागे येणाऱ्या प्रतिध्वनीवर अवलंबून असतं.

म्हणून बहुगुणी डिजिटल डिलेचा कस लावायचा तर एक साधी कसोटी पुरेशी आहे. पेडल बंद करून तीच सुरावट वाजवावी. ती जशीच्या तशी उभी राहिली, तर डिले सजावट होती, आणि सजावटीला जेवढा वेळ द्यावा तेवढाच द्यावा. ती कोसळली, तर डिले रचनेचा भाग होता, आणि मग त्याच्या प्रत्येक आकड्याचा जाब वादकाला देता आला पाहिजे, जसा तो स्वरांचा देतो. दोन्ही वापर योग्य आहेत. अयोग्य आहे ते आपला वापर कोणता हे ठाऊक नसणं. आपला प्रतिध्वनी किती सेकंदांत आणि कोणत्या वाटेने संपायला हवा हे ज्याला सांगता येतं, त्याला मोजक्या नॉबांचं पेडलही पुरतं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला बारा प्रकारही अपुरे पडतात. तरी या दुसऱ्या वादकाने बहुगुणी पेडलच घ्यावं, कारण छोटं पेडल हा प्रश्न त्याला कधी विचारणारच नाही.